सासूबाईंचे डोके

मुंडकीवाल्याच्या सासूबाई क्रांतीच्या उपनेत्या झाल्या आणि पुढे एका संध्याकाळी त्यांनी अख्खी क्रांती जेवायला घरी पाठवली. असे काहीही घडलेले नाही. ती संध्याकाळ झाली नाही, त्या उपनेत्या नव्हत्या, आणि सासूबाई तर मुळात कधी नव्हत्याच. तरी हे न घडलेले कसे घडले ते सांगणे भाग आहे, कारण प्रश्न खोलीचा आहे.

मुंडकीवाला सरकारी पुतळा कारखान्यात कामाला होता. क्रांतीनंतर नेते इतके भराभर बदलू लागले की पुतळे पाडून पुन्हा उभारणे परवडेना. तेव्हा कोणा हुशार माणसाने तोडगा काढला. धड सगळ्यांचे एकाच साच्यातले: लांब कोट, उजवा हात पुढे. डोके तेवढे वेगळे करायचे आणि बरणीच्या झाकणासारखे मानेवर फिरवून बसवायचे. धड ओतायला मोठे खाते होते. डोक्यांचे काम मुंडकीवाला एकटाच बघे.

घरी एकच खोली, मधोमध पडदा. अलीकडे मुंडकीवाला आणि त्याची बायको, पलीकडे सासूबाई. पडदा चांगला जाड होता, पण मते आरपार येत.

"जावईबापू, घोरताय."

"जागा आहे मी, आई."

"मग जागेपणी घोरताय."

दुसऱ्या खोलीसाठी बायकोने त्याच्यामागे धोशा लावला होता, आणि त्याने कारखान्याच्या व्यवस्थापकांमागे. शेवटी वैतागून व्यवस्थापक म्हणाले, "वर्धापनदिनाला चौकात काही गडबड झाली नाही, तर तुझ्या खोलीचं बघतो."

चौकात दोन पुतळे होते. एक थोरल्या नेत्यांचा आणि शेजारी चष्मेवाल्या उपनेत्यांचा. वर्धापनदिनाच्या आदल्या सकाळी असे समजले की चष्मेवाले उपनेते कधी झालेच नव्हते. मुंडकीवाल्याने शिडी लावली, डोके फिरवून काढले, टोपलीत ठेवले आणि खाली उभ्या व्यवस्थापकांना विचारले, "आता कोणाचं?"

"वरून ठरलेलं नाही अजून."

"मग राहू दे असंच?"

"बिनडोक? मागे एकदा राहिलं होतं. महिनाभर कोणाच्या लक्षातच आलं नाही, म्हणून चौकशी लागली." व्यवस्थापकांनी मान खाजवली. "एखादा साधा कामगार बसव. पण कोणासारखा दिसता कामा नये."

"साहेब, माणूस कोणासारखा तरी दिसतोच."

"ते तू बघ. खोली हवीय ना?"

मुंडकीवाला घरी येऊन माती मळू लागला. शेजाऱ्याचा चेहरा घ्यावा तर शेजारी उद्या असेल याची खात्री नाही. बायकोचा घ्यावा तर ती एका जागी बसत नाही. पडदा जरा सरकला होता. पलीकडे सासूबाई रेडिओसमोर दगडासारख्या स्थिर बसल्या होत्या. त्या कुठल्या समितीत नव्हत्या, कुठल्या फोटोत नव्हत्या, आणि कोणाला घाबरतही नव्हत्या. चेहरा असा हवा. त्याने तो मातीत उतरवला आणि वर टोपी घातली. मिशी लावायचे मनात होते, पण मिशी कायद्याने फक्त थोरल्या नेत्यांना असे.

दुसऱ्या दिवशी चौक फुलला. बायकोने मान वर केली आणि त्याचा दंड धरला.

"अहो, ही आई आहे."

"टोपी घातलीय ना."

"टोपीनं काय होतंय? भुवया बघा. चहा पाणचट झाल्यावर अशीच बघते ती."

तेच थोरल्या नेत्यांनाही जाणवले असावे. भाषणाला उभे राहिले तेव्हा ती नजर नेमकी त्यांच्यावर पडत होती. पहिल्या वाक्यानंतर ते थांबले, कोटाचे वरचे बटण लावले आणि दबक्या आवाजात व्यवस्थापकांना विचारले, "हे कोण?"

"पहिल्या दिवसापासूनचे साथी, साहेब," व्यवस्थापक म्हणाले. तोंड कोरडे पडले की त्यांच्या तोंडून अशीच वाक्ये निघत.

जे थोरल्या नेत्यांना आठवत नाही ते घडलेले नसते. पण पुतळा तर समोर उभा होता. म्हणजे आठवणे आले.

"आठवलं," ते म्हणाले. "भेटवा एकदा."

व्यवस्थापक धापा टाकत मुंडकीवाल्याच्या दारात आले तेव्हा सासूबाईंना सगळे सांगावेच लागले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"विचारायचं तरी, जावईबापू. केस विंचरून बसले असते."

थोरल्या नेत्यांच्या दालनात त्यांना खुर्ची देण्यात आली. इतिहास खात्याचा माणूस लिहायला बसला.

"क्रांतीच्या दिवशी आपण कुठे होता?" त्याने विचारले.

"घरीच की. कपडे वाळत घातले होते. तेवढ्यात बाहेर आरडाओरडा सुरू झाला आणि कोणीतरी माझी चादर ओढून पळालं. चांगली लाल चादर होती. अजून मिळाली नाही."

क्रांतीचा पहिला झेंडा थोरल्या नेत्यांनी कुठून आणला, हे त्यांनी आजवर कोणालाही सांगितलेले नव्हते. ते खिडकीबाहेर बघू लागले. मग म्हणाले, "ह्यांना उपनेत्या करा. धड तयार आहेच."

मुंडकीवाला त्या दिवशी शीळ घालत घरी आला. उपनेत्यांना बंगला मिळतो. सासूबाई बंगल्यात जाणार, म्हणजे पडद्यापलीकडचा भाग मोकळा. दुसरी खोली मागायचीही गरज उरली नव्हती.

"मी कुठे जात नाही," सासूबाई म्हणाल्या. "बंगल्यात भांडायला कोण आहे?"

त्या राहिल्याच, शिवाय त्यांचे दोन पहारेकरी आले. एक पडद्याच्या अलीकडे बसे, एक पलीकडे. बायकोने भाजी चिरायला एकाला घेतले, पण त्याला बंदूक खाली ठेवायची परवानगी नव्हती, त्यामुळे तो एका हाताने सोली आणि चिरायचे राहून जाई.

मुंडकीवाल्याने व्यवस्थापकांना गाठले. "साहेब, आता पाच जण झालो. खोलीचं काय?"

"आता कसली खोली?" व्यवस्थापकांनी वर्तमानपत्र पुढे केले. पहिल्या पानावर पडद्याचा फोटो होता. उपनेत्या एका खोलीत राहतात, जनतेने त्यांचा आदर्श घ्यावा, असे खाली छापले होते. "ज्यांच्याकडे दोन खोल्या होत्या, त्यांची एक काढून घेताहेत. माझीही गेली. तुझ्या सासूबाईंमुळे."

सासूबाईंचा कारभार जेमतेम सहा महिने टिकला. थोरल्या नेत्यांचे सहामाही भाषण दुपारी सुरू झाले आणि दिवे लागले तरी संपेना. मध्ये ते पाणी प्यायला थांबले. शेजारी बसलेल्या सासूबाईंनी माइक जवळ ओढला.

"झालं ना? जा आता, जेवणं थंड होताहेत."

उपनेत्यांचा हुकूम मोडायची कोणाची हिंमत नव्हती. चौक उठला आणि घरी गेला. थोरल्या नेत्यांनी पेला खाली ठेवला तेव्हा समोर एक कुत्रे होते, तेही निघायच्या बेतात.

दुसऱ्या दिवशी सासूबाई कधी नव्हत्याच. मुंडकीवाल्याने शिडी लावली आणि डोके घरी आणले. नियमाप्रमाणे ते फोडायचे असते.

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "नाक चांगलं जमलंय." आणि त्यांनी त्याच्यावर आपली शाल वाळत टाकली.

बायको दोन दिवस दारावर टकटक होण्याची वाट बघत रडत होती. कोणी आले नाही. जी बाई कधी झालीच नाही तिला अटक केली, तर ती होती असे कबूल करावे लागते, आणि कबूल करणारा अधिकारी मिळेना. पहारेकरी निरोप न घेता गेले, कारण निरोप कोणाचा घेणार? तिसऱ्या दिवशी दार वाजले तेव्हा बाहेर चष्मेवाले उपनेते उभे होते.

"नसलेल्यांशी कोणी बोलत नाही हो," ते म्हणाले. "आपल्याला पत्ते येतात का?"

तेव्हापासून ते रोज येतात आणि पडद्यापलीकडे हरतात. दुसऱ्या आठवड्यात ते उशी घेऊन आले.

मुंडकीवाला घरवाटप कचेरीत गेला. कारकुनाने मान वर न करता विचारले, "खोलीत माणसं किती?"

"चार. म्हणजे दोन आहेत, दोन नाहीत."

"दोनच ना? मग दोघांना एवढी मोठी खोली कशाला? मधे पडदा आहे ना तुमच्याकडे, पेपरात बघितला होता. पलीकडची बाजू सोमवारी दुसऱ्या कुटुंबाला देऊ. काही म्हणणं असेल तर लिहून द्या."

मुंडकीवाल्याने तिथेच उभ्या उभ्या लिहून दिले: "वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, पडद्यापलीकडे अर्जदाराच्या कधीही नसलेल्या सासूबाई आणि क्रांतीचे कधीही नसलेले उपनेते पत्ते खेळत असून डाव अर्धवट आहे. तरी उभयतांच्या नसण्यास लागणारी जागा मोजून ती अर्जदाराकडेच ठेवण्यात यावी, आणि सासूबाईंची लाल चादर सोमवारपूर्वी, धुऊन, परत मिळावी, ही विनंती."