सासूबाईंचा कागदोपत्री मुक्काम

मी फक्त सासूबाईंचा पत्ता बदलायचं ठरवलं होतं. सासूबाई बदलायचा विचार नव्हता (पूर्वी येऊन गेला असेल, नाही म्हणत नाही).

आमच्या बहरीनमध्ये तुमचं घर ज्या भागात, तिथलंच आरोग्यकेंद्र तुमच्या वाट्याला येतं. त्या केंद्राच्या डॉक्टरची चिठ्ठी नसली तर मोठ्या इस्पितळात गुडघा काय, करंगळीही कोणी बघत नाही. गुडघ्याने बेजार झालेल्या सासूबाई उम्म जासिम राहतात मुहर्रकला. तिथे ही गर्दी! आमच्या हमद टाउनचं केंद्र मात्र नवंकोरं.

"खलफ, आईचा पत्ता आपल्याकडे दाखव ना. नुसता कागदोपत्री," माझी बायको मोज़ा म्हणाली.

मी नगर कार्यालयात कारकून. दिवसभर लोकांचे फॉर्म तपासतो, त्यामुळे स्वतःचा फॉर्म वाचण्यात मला कमीपणा वाटतो. फोनवरच पत्ताबदलाचा फॉर्म भरताना 'केंद्राची यादी भरलेली आहे' असं काहीतरी आलं. खाली चार चौकोन होते. मी चारही चौकोनांत खुणा केल्या आणि चहा प्यायलो.

आठवड्याने केंद्रातल्या सिस्टर बदरियांचा फोन आला. "सत्तरीपुढच्या पेशंटना आम्ही घरी येऊन तपासतो. गुरुवारी येते. आई घरात राहत नसल्या तर नोंद रद्द."

झालं! बुधवारी सासूबाई आल्या. सोबत गादी, कॉफीची तीन भांडी आणि एक बोलका पोपट.

"मावशी, एका दिवसासाठी एवढं सामान?"

"कागदावर मी इथे राहते, जावईबापू. सरकारशी खोटं कशाला बोलायचं?"

गुरुवारी सिस्टरनी घरभर फिरून हुकूम सोडला. "आईंना जिना नको. खाली न्हाणीघराजवळची खोली द्या. महिन्याने पुन्हा बघायला येईन."

खाली न्हाणीघराजवळची खोली म्हणजे माझी मजलिस! गेली बारा वर्षं तिथे मित्र जमतात, फुटबॉल बघतात, रेफरीला शिव्या देतात. संध्याकाळी माझ्या सोफ्यावर सासूबाई होत्या, टीव्हीवर त्यांची मालिका होती आणि पोपट शिव्यांपुरता माझ्या मित्रांची जागा चालवत होता. मला खरंच रडू येत होतं.

महिना असाच गेला. गल्फ कपची फायनल आली आणि त्याच सकाळी सिस्टरही आल्या. माझा संयम सुटला.

"सिस्टर, खरं सांगतो! एका माणसाचा इथला पत्ता खोटा आहे!"

मोज़ाने कपाळाला हात लावला. सासूबाईंनी शांतपणे कॉफी ओतली. सिस्टरनी यादी उघडली.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "तुमचाच."

"माझा?"

"यादी भरली होती. घरातला एक बाहेर गेला तरच एक आत येतो. तुम्ही खूण करून मान्य केलंय. कागदोपत्री तुम्ही महिनाभर आईंच्या जागी मुहर्रकला राहताय."

माझं डोकं गरगरलं. सिस्टरनी दंडाला पट्टा बांधला आणि भुवया उंचावल्या. "प्रेशर फार वाढलंय. आजच डॉक्टरला दाखवा."

"मग द्या ना गोळी!"

"मला नाही देता येणार. तुमचं केंद्र मुहर्रकला."

"लवकर निघ हं," मोज़ा म्हणाली, "तिथे रांग मोठी असते."

सासूबाईंनी उशीखालून एक किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. "तुमच्या घराची. आणि जाताच अंगणातल्या लिंबाला पाणी घाला, महिनाभर सुकतोय बिचारा."