क्लार्नेटात शब्द नसतात

जनूदादांना किती गाणी येतात हे त्यांनाही सांगता येणार नाही. पण त्यांतल्या एकाही गाण्याचे शब्द त्यांना येत नाहीत. जन्मभर लग्नाच्या बँडमध्ये क्लार्नेट वाजवलेला माणूस. हळदी, वराती, गणपती, निवडणूक जिंकलेल्यांच्या मिरवणुका, काही म्हणून सोडलं नाही. सूर तंतोतंत. पण 'हे गाणं कुठलं हो दादा?' असं विचारलं, की ते सिनेमाचं नाव सांगत नाहीत, ओळ तर नाहीच नाही. ते लग्न सांगतात. "ता नाय का, निर्मल गावच्या बागवाल्याकडं मंडप पडलेला, त्या लग्नातला."

असा माणूस एका दुपारी माझ्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "बाय, मना गायाला शिकव."

मी शाळेत संगीत शिकवून निवृत्त झाले आणि मुलाने जूचंद्रला नव्या इमारतीत घर घेतलं म्हणून इकडे आले. घरीच गाण्याचा क्लास घेते. दादा गावातले, पिढ्यान्‌पिढ्यांचे. आमची इमारत उभी आहे तिथे त्यांच्या चुलत्याचं भातशेत होतं, हे ते मला दर भेटीत सांगतात; जणू मी जाताना ते परत करून जाणार आहे. त्यांच्या बोलीत अहो-जाहोला फारशी जागा नाही. नगरसेवक आला तरी 'तू' आणि मास्तरीणबाई असली तरी 'तू'. पहिल्या दिवशी मला ते खटकलं. आता दादांनी चुकून 'तुम्ही' म्हटलं तर माझं काही चुकलं का, असं मला वाटेल.

"कोणाला शिकवायचंय? नातीला?" मी विचारलं.

"नाय. मनाच. एक गाना पुरा यावा, शब्दांसकट. तवराच." मग इकडेतिकडे बघून म्हणाले, "आधी ती खिडकी लाव."

मी खिडकी लावली आणि पेटी काढली. म्हटलं, "सा लावा."

"कनच्या बोटावर?"

मी सांगितलं, बोट नाही, गळा. हे त्यांना फार विचित्र वाटलं. जन्मभर ज्याने भोकं झाकून आणि उघडून सूर काढले, त्याला गळ्यात ती भोकं नेमकी कुठे असतात ते कळेना. बराच वेळ खाकरून झाल्यावर त्यांनी बाजाराच्या पिशवीतून दुधी काढला, दोन्ही हातांत धरला, नसलेल्या भोकांवर बोटं ठेवली, आणि असा स्वच्छ 'सा' लावला की मी पेटीवरचा हात उचलला. पुढे बरेच दिवस आमचा रियाज बाजारात मिळेल त्या भाजीवर झाला. पडवळावर त्यांचे खालचे सूर फार चांगले लागत.

दुसरी अडचण तोंडाची. क्लार्नेटवाल्याला ओठ घट्ट आवळून ठेवायची सवय. दादा गायले की आवाज ओठांच्या फटीतून चोरून बाहेर यायचा.

"तोंड उघडा दादा."

"हवा जाल."

"जाऊ दे. गाण्यात ती जायलाच हवी."

"हवा फुकट नाय घालवायची, बाय."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. टीव्हीवर चार जण एकदम भांडायला लागले की दादा तेच म्हणतात. मी श्रुतींविषयी जरा लांबण लावली की माझ्याकडे बघूनही तेच.

सरगम मात्र त्यांना पाण्यासारखी येई. माझ्या जुन्या विद्यार्थिनी ज्या पलट्यांशी महिनोन्‌महिने झटापट करतात, ते दादा पान चघळत म्हणून टाकायचे. पण सुरावर शब्द ठेवला की संपलं. मी त्यांना एक अगदी सोपी शाळेतली प्रार्थना दिली. पहिली ओळ बरी गेली. ती संपताच दादांनी तोंडाने मधलं म्युझिक सुरू केलं, झांजांसकट, आणि मग हात वर करून, डोळे मिटून, बाकीचा बँड उचलायची वाट बघत बसले. दुसऱ्या ओळीला फक्त 'ला ला' आलं.

"दादा, मधलं वाजवणं म्हणायचं नसतं."

"मंग लोक नाचतील कवा?"

"प्रार्थनेला कोणी नाचत नाही."

"मंग असल्याला बुकिंग कोन देल?" दादा म्हणाले.

मी चौकस बाई आहे, हे मी कधी लपवलेलं नाही. या वयात, इतकी मेहनत करून, हा माणूस गायला का शिकतोय, हे कळल्याशिवाय मला चैन पडेना. नातवाचं लग्न आहे का? नाही. टीव्हीवरच्या स्पर्धेत जायचंय? "मना काय येड लागलाय?" मग मला वाटलं, क्लार्नेटच्या तोंडाची पत्ती धरायला दात उरले नसतील, वाजवणं सुटलं असेल, म्हणून ही धडपड. तसं विचारलंही. दादा हसले, आणि दुसऱ्या दिवशी पेटीत घालून क्लार्नेटच घेऊन आले. माझ्या हॉलमध्ये बसून असं वाजवलं, की खालच्या मजल्यावरची गुजराती बाई हाताला कणीक तशीच ठेवून दारात येऊन उभी राहिली.

"मग गायचं कशाला, दादा? तुमचं क्लार्नेटच गातंय की."

दादांनी क्लार्नेटचे तुकडे सोडवले, एकेक फडक्याने पुसला आणि पेटीत ठेवला. "ता गात नाय," म्हणाले. "ता वाजता."

पुढच्या आठवड्यात गाणं त्यांनीच आणलं. तो धवला होता. इकडच्या आगरी घरांत लग्नाचे विधी धवल्यांवर चालतात. ते गायला धवलारणी असतात, बहुधा दोघी. एकीने ओळ सोडायची, दुसरीने झेलायची. धवला हे बायकांचं काम, पुरुष त्याच्या वाटेला जात नाहीत. तेव्हा खिडकीचा उलगडा झाला. "बँडवाला जनू बायकांची गानी गातो, असा गावात झाला तं मना मांडवात कोन उभा करल?" दादा म्हणाले. फुलपाड्याला दिलेली त्यांची बहीण धवले गाते, तिच्याकडून त्यांनी हा शिकायला घेतला होता. पण शब्द डोक्यात राहात नव्हते. शब्द म्हटले की सूर पळे, सूर धरला की शब्द. इतक्या ताकदीचा वाजवणारा माणूस एका ओळीपुढे रडकुंडीला आलेला मी पाहिला, आणि तरी कारण काही सांगेना.

मग दादा चार-पाच दिवस फिरकलेच नाहीत. मी चौकशीला म्हणून त्यांच्या घरी गेले. ओटीवर खुर्चीत त्यांची बायको बसली होती. काशीबाई. गोऱ्यापान, कपाळावर ठसठशीत कुंकू. मी नमस्कार केला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तसा."

"बऱ्या आहात ना?"

"तसा. तसा तसा."

दादा आतून पाणी घेऊन आले आणि त्यांनीच सगळं सांगितलं. काशीबाई पंचक्रोशीतल्या नावाजलेल्या धवलारीण. मागल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. हात-पाय सुधारले, जीभ नाही. सगळं समजतं, पण चहा हवा असला तरी 'तसा', पाठ दुखली तरी 'तसा', आणि नवऱ्याचा राग आला तरी 'तसा'. इस्पितळातल्या बोलायला शिकवणाऱ्या मॅडमनी सांगितलं होतं, की बोलणं अडलेल्या माणसाला कधी कधी गाण्यातून शब्द सापडतात. कोणीतरी रोज जवळ बसून यांच्याबरोबर गायला हवं.

"बहीन आली, दोन दिस गायली. हिचे ओठ हलले," दादा म्हणाले. "पन बहिनीला तिचा घर हाय. सुनांना धवले येत नाय."

"मोबाइलवर लावून द्या."

"लावला. ही मोबाइलकडं बघत बसते. तो हिच्यासाठी थांबत नाय ना. धवल्याला समोर मानूस लागतो." मग ते बायकोकडे बघून म्हणाले, "मी रोज वाजवतो हिला. ऐकते, डोले भरतान. पन शब्द कुठून उचलल ती? क्लार्नेटात शब्द नसतान, बाय."

काशीबाईंनी त्यांच्या शर्टाची वर गेलेली कॉलर नीट केली आणि म्हणाल्या, "तसा."

त्यानंतर मी दादांना एकही पलटा दिला नाही. पेटी बंद करून ठेवली. आम्ही दोघं समोरासमोर बसून नुसती ओळ म्हणायचो, आधी बोलून, मग गाऊन. दोन ओळींमध्ये त्यांच्या तोंडात म्युझिक येई, ते मी त्यांना गिळायला लावी. तिथे काशीबाईंची जागा आहे, असं सांगितल्यावर ते आपोआप थांबायला शिकले. हळूहळू तोंड उघडलं. आवाज काही गोड नाही, जाडाभरडा आहे, पण ओळ पुरी येऊ लागली. एक दिवस सबंध कडवं शब्दांसकट गाऊन झालं, तेव्हा आम्ही दोघांनी बेसनाचे लाडू खाल्ले.

त्यानंतर काही दिवसांनी दादा आले ते दारातूनच म्हणाले, "परवा बोलली."

मी विचारलं, काय बोलल्या?

दादांनी खाली बसून गाऊनच दाखवलं. "पाट मांडिला सागाचा गो, नवरी बैसली हलदीला. मी 'सागाचा' बोललू, तं हिनं माझ्या मांडीवर चापट मारली. बोलली, 'फनसाचा.'" दादांनी स्वतःच्या मांडीवर चापट मारून दाखवली. "रागावून बोलली. आमच्या गावात फनसाचा पाट बोलतान. फुलपाड्याला सागाचा. जल्लं, एवरी लग्नां वाजवली, पन ह्या मना ठावंच नव्हता."

वर्षभर एका 'तसा'वर भागवणाऱ्या बाईच्या तोंडून एक शब्द आला होता, जिथल्या तिथे, आणि तोही नवऱ्याची चूक काढायला. मी लगबगीने पेटी ओढली. "चला, ओळ दुरुस्त करून टाकू," म्हटलं, आणि 'फणसाचा' घालून गायले. दादांनी ओठ पुन्हा क्लार्नेटवाल्यासारखे आवळले.

"म्हणा ना."

"नाय बाय. काल सकाली मी बरोबर गायलू, फनसाचा. ती खुश झाली, मान हलवली, पन बोलली नाय. सांजला परत सागाचा गायलू, तं लगेच बोलली." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आथा माझ्या तोंडात बरोबर तोच येतो. ता मोडायला पायजे. मना सागाचाच पक्का करून दे."

सगळी नोकरी मी मुलांचे शब्द दुरुस्त करण्यात घालवली. त्या दुपारी मी एका माणसाची चूक घोटून घेत बसले. दादा 'फनसाचा' म्हणाले, की मी थांबवायची. सागाचा, दादा. पुन्हा. तेही न कंटाळता पुन्हा म्हणायचे. चूक अगदी पक्की झाली, झोपेतून उठवलं तरी चुकतील अशी, तेव्हा कुठे ते उठले.

चपला घालता घालता दारात थांबले. "बाय," म्हणाले, "पुढल्या कडव्यात कुठं चुकायचा, ता पन बघून ठेव."