खुर्चीला हात लावायचा नाही

वॉल्ट हुडाकच्या तळघरातला संडास गुरुवारी सकाळी उलटा वाहू लागला. रविवारी नातीचं पहिलं कम्युनियन, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घ्यायचा समारंभ. चर्चमधून तीस माणसं थेट घरी जेवायला येणार, फ्रीजमध्ये उकडीच्या करंज्यांसारख्या दोनशे पिएरोगी तयार आणि तळघरात घोटाभर घाण पाणी.

"घरापासून रस्त्यापर्यंतचा पाइप आपला असतो. पालिका काही येणार नाही," त्याची बायको आयरीन म्हणाली.

"माहितीये. खणायचं म्हणजे एका गाडीची किंमत!"

"काही नाही लागणार. पाइपच्या विम्याचं ते पत्र मी भरून पाठवलं होतं."

"ते तर मी फाडलं होतं!"

"मी चिकटवलं."

पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला वॉल्ट तसली पत्रं दर महिन्याला मोठ्या अभिमानानं फाडायचा. "मला न सांगता?" तो म्हणाला.

"तुला सांगून या घरात कधी काही झालंय?"

शुक्रवारी विमा कंपनीचे दोन कामगार आले. कॅमेरा आत सोडून त्यांनी फुटकी जागा शोधली. ती निघाली रस्त्याच्या कडेला, नेमकी शेजारच्या एड युर्कोच्या पिवळ्या खुर्चीखाली. गाडीसाठी जागा धरायला एडनं ती तिथे ठेवली होती; ज्याची खुर्ची त्याची जागा, असा त्या गावचा रिवाजच होता. दोघांनी फावडी खाली टेकवली.

"काका, खुर्ची आहे."

"मग उचला की!"

"आम्ही इथलेच आहोत, काका. दुसऱ्याच्या खुर्चीला हात लावला तर आई घरात घेणार नाही."

नऊ वर्षांपूर्वी वॉल्टनंही गुडघाभर बर्फ उपसून, निळी खुर्ची ठेवून जागा धरली होती आणि ती खुर्ची नाहीशी झाली होती. ती एडनंच उडवली असं गल्लीभर सांगून त्यानं एडशी बोलणं टाकलं होतं. आता एडचीच खुर्ची कोणत्या तोंडानं हलवायची?

दुपारी आयरीन खिडकीतून ओरडली, "जातोस का? की पाहुण्यांना कळवू, घरूनच आवरून या म्हणून?"

वॉल्टनं एडचं दार वाजवलं. "खुर्ची उचल. पाइप फुटलाय."

"नऊ वर्षांनी तोंड उघडलंस ते हे बोलायला?"

"हो."

"आयरीनसाठी उचलतो," एड म्हणाला आणि निमूटपणे खुर्ची घेऊन गेला. शनिवारी संध्याकाळपर्यंत पाइप दुरुस्त झाला.

रविवारी चर्चच्या हॉलमधून जास्तीच्या खुर्च्या आल्या. वॉल्ट त्या मांडत होता. शेवटची निळी निघाली. त्यानं ती उलटी केली. खाली खिळ्यानं कोरलेलं होतं: हुडाक.

"आयरीन!"

"डगडगत होती रे, म्हणून चर्चला देऊन टाकली," आयरीन पदार्थांकडे बघत म्हणाली. "मग तू एडवर असा तापलास की सांगायची हिंमतच होईना. आज सांगू, उद्या सांगू करता करता नऊ वर्षं गेली."

चूक कबूल करायची वॉल्टला सवय नव्हती. एवढ्या संसारात तशी वेळच आली नाही, असं त्याचं प्रामाणिक मत होतं. तरी बायकोवर तापायचं सोडून तो खुर्ची उचलून एडच्या दारात गेला.

एडनं खुर्ची उलटी करून नाव वाचलं. "सापडली?"

"चर्चमध्ये होती. माझं चुकलं, एड. फार चुकलं. जेवायला चल. टेबलाशी तुझ्यासाठी जागा धरलीय."

एडनं टोपी डोक्यावर घातली. "तिथे काय ठेवून आलास?"

"काही नाही. खुर्ची तर इथे आणली."

"मग पळ की, गाढवा! जागा जाईल!"