तीन महिने अभ्यासून आणलेला पंप

पंप घेण्यापूर्वी निवृत्त प्राध्यापकांनी तीन महिने वाचन केले. छपरावरून टाकीत साठणारे पावसाचे पाणी गच्चीवरच्या झाडांना चढवायचे, एवढाच प्रश्न होता. पण पत्नीचे गुडघे दुखत होते. तिने यापुढे एकही बादली उचलू नये असा त्यांचा निश्चय होता, आणि निश्चयाला संदर्भग्रंथांचा आधार नसला की त्यांना झोप लागत नसे.

"पाण्यात बुडणारा घ्या सर, कटकट नाही," दुकानदार म्हणाला.

"विजेचं यंत्र पाण्यात सोडायचं, ही तुम्हाला कटकट वाटत नाही?" असे शांतपणे विचारून त्यांनी टाकीबाहेर ओट्यावर बसणारा पंप आणला.

वर्षभर तो बिनतक्रार चालला. दर रविवारी ते त्याची जाळी धूत आणि दुकानदार या जमातीच्या अज्ञानावर पत्नीला चार शब्द ऐकवत. ती मान डोलवी.

मग ती चार दिवस बहिणीकडे गेली, आणि पहिल्याच सकाळी पंप नुसता घरघरला. प्राध्यापकांनी जाळी धुतली. ग्रंथ उघडून नळीचे जोड सोडवले; ते पुन्हा बसेनात. बसवताना पाना टाकीत पडला, पाना शोधायला वाकले तेव्हा चष्मा.

शेवटी बोलावलेल्या मिस्त्रीने टाकीतून आधी चष्मा काढला, मग नळीच्या टोकाची झडप.

"ही पहिल्यापासून गळकी आहे, सर. रात्रीतून नळीतलं पाणी उतरतं, पंप हवा धरतो. रोज सकाळी पंपात वरून दोन बादल्या पाणी ओतल्याशिवाय हा चालणारच नाही."

"वर्षभर रोज चाललाय."

"मग रोज कुणीतरी ओतत असणार."

सकाळी प्राध्यापक फिरायला जात, तेव्हा घरात एकच माणूस उरे. मिस्त्री नवी झडप बसवून गेल्यावर त्यांनी फोन लावला.

"पंपात पाणी तू ओतायचीस?"

"मिस्त्री येऊन गेला वाटतं."

"मला सांगितलं का नाहीस?"

"अहो, तीन महिने वाचून आणलात. बिघडलाय म्हटलं असतं तर पुन्हा वाचायला बसला असतात. तोवर झाडांनी काय करायचं? आणि रविवारी जाळी उलटी बसवता, ती सोमवारी सुलटी करावी लागते."

प्राध्यापकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"गुडघे कसे आहेत?"

"इथे बरे आहेत. बादली नाही ना."

"मग राहा अजून आठ दिवस."

"आणि झाडं?"

"पंप चालू झालाय," प्राध्यापक म्हणाले. "पण झाडांना करमत नाहीये."

ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आली.