सॅमसनकाकांचं सिनेगॉग

सॅमसनकाका येईल त्याला टोपी घालतात. अगदी शब्दशः. सिनेगॉगमध्ये उघड्या डोक्याने पाऊल टाकायचं नाही आणि विजेचं मीटर नेमकं आत आहे. त्यामुळे मीटर बघायला आलेला माणूसही टोपी घालून उभा राहतो आणि काका त्याला आधी इमारत दाखवतात. "मीटर काय पळून जात नाय!"

रत्नागिरीतल्या आमच्या आळीत यहुद्यांचं आता हे एकच घर. बाकीचे केव्हाच इस्राएलला गेले. काका राहिले, आणि सिनेगॉगची किल्ली त्यांच्याकडे राहिली.

"हात लावून बघा!" हे त्यांचं पालुपद. "जांभा आहे. चुन्यात गूळ आणि बेलफळाचा गर घातलाय." मीटरवाल्याने एकदा भिंतीला बोट लावून चाटून पाहिलं. काकांना त्यात काहीच गैर वाटलं नाही. "गूळ आता मुरला असणार," म्हणाले.

मधोमध लाकडी कठड्याचा चौथरा, प्रार्थना म्हणणाऱ्यासाठी. पश्चिमेच्या भिंतीत पडद्याआड धर्मग्रंथाचं कपाट. पश्चिमेलाच का, असं मी विचारलं होतं.

"जेरुसलेम तिकडे ना."

"तिकडे म्हणजे कुठे?"

"मिऱ्याचा डोंगर सोडलात की सरळ," काका रिक्षावाल्याला सांगावं तसं म्हणाले.

सामूहिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. "एक मी आहे," काका सांगतात. "बाकीचे अश्दोदला गेलेत." जणू मासळी आणायला गेलेत.

यंदा पावसाआधी त्यांनी बायकांच्या सज्ज्याची डागडुजी काढली. सज्जा दरवाजाच्या वर, म्हणजे पुरुषांच्या पाठीमागे. लांज्याहून बाबू सुतार आला होता. एक कौल तिरकं दिसलं म्हणून काकांनी त्याला दोनदा छपरावर चढवलं होतं. मी खाली काकांशेजारी उभा होतो.

दुपारी बाबू सज्ज्यातून ओरडला, "काका, ही फळी करकरतेय. दोन खिळे मारतो."

"नको."

बाबूने माझ्याकडे पाहिलं. मी काकांकडे.

"राहू दे ती," काका म्हणाले. मग मला म्हणाले, "प्रार्थनेत मागे वळून वर बघायचं नाही, असं वडील सांगायचे. आणि रूबीला दर शनवारी उशीर. लग्न झाल्यापासून शेवटपर्यंत. फळी करकरली की मला कळायचं, आली."

रूबीकाकूंना जाऊन बरीच वर्षं झाली.

काका पश्चिमेकडे तोंड करून बाकावर बसले. टोपी नीट केली.

"बाबू, जरा चल बघू त्या फळीवरून."

बाबू दणादणा चालला. फळी करकरली. काका मागे वळले नाहीत.

"असं नाय रे," म्हणाले. "हळू. ती हळू चालायची."