बाबारावचं पथ्य

ताटात: मेथीची भाजी, दोन घोट ताक, मिठाचा खडा. भाकर नाही.

बाबाराव जेवून उठला आणि त्याच ताटावर त्याची बायको प्रभावती बसली. दिग्रसच्या त्या घरात हाच रिवाज होता. नवरा उठला की बायकोने त्याच्या ताटात बसावं, आणि नवऱ्याने जे सोडलं ते बायकोनेही सोडावं. सासूबाई रुखमाबाईंनी नवऱ्याच्या खोकल्यापायी अकरा वर्षं दही खाल्लं नव्हतं. पुढे नवरा गेला. दही सुटलं ते सुटलंच.

त्यामुळे सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बाबारावच्या लघवीत निळं औषध घालून तापवलं, ते विटेसारखं लाल झालं, आणि "साखर आहे. भाकर, भात, गूळ, आलू बंद," असं त्यांनी सांगितलं, तेव्हा ते दोघांना सांगितलं गेलं. डॉक्टरांना मात्र याची कल्पना नव्हती.

"आत्याबाई, मले चक्कर येऊन राह्यली वो," पाचव्या दिवशी प्रभावती म्हणाली.

"नवऱ्याले येते का?"

"त्याहिले नाई येत."

"मंग तुलेच काहून येते?"

नवऱ्याला चक्कर येत नव्हती, कारण जिनिंगच्या काट्यावर कापूस मोजायला जाताना तो रोज रामधनच्या हॉटेलात पावशेर जिलबी खात होता. हे रामधनला माहीत होतं. घरात कोणालाच नाही.

आता तरट.

मागच्या पडवीत खुंटीवर एक तरट टांगलेलं असे. महिन्यातून चार दिवस ते खाली येई, प्रभावती त्यावर बाहेर बसे, पाचव्या दिवशी ते धुऊन परत खुंटीवर जाई. सात वर्षांत तरटाने एकही महिना चुकवला नव्हता आणि हेच रुखमाबाईंचं दुखणं होतं. बाबारावची दुसरी बायको म्हणून पुसदच्या एका मुलीचं नाव घरात दोनदा निघालं होतं. दुसऱ्यांदा निघालं तेव्हा प्रभावती ताक घुसळत होती. तिने रवी थांबवली नाही. पण तिसऱ्यांदा निघालं तर आपल्याला चुलीजवळची जागा सोडावी लागेल, हे तिला कळत होतं.

श्रावणात तरट खुंटीवरच राहिलं. भादव्यातही.

शेजारच्या लालीबाईने कुंपणावरून मान काढली. "रुखमाबाई, तुमच्या तरटाले कोळ्याचं जाळं लागलं नं!"

रुखमाबाईंनी जाळं पाहिलं. बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. जाळं झाडलं नाही. झाडलं असतं तर दृष्ट लागली असती.

मग सगळंच जुळू लागलं. चक्कर जुळली. केस गळत होते, तेही जुळलं. विहिरीवरून एक घागर आणताना दोनदा बसावं लागे, ते तर जुळलंच. प्रभावतीलाही वाटलं, असेल. जी गोष्ट सात वर्षांत आली नाही ती आल्यावर अंगाला कशी वाटते, हे तिला कुठून कळणार? रात्रंदिवस भूक लागते, एवढंच तिला कळत होतं.

आर्णीला माहेरी निरोप गेला. तिसऱ्या दिवशी तिचे वडील डोमाजी एसटीने आले. गाडीच्या टपावर पाळणा बांधलेला होता. तो उतरवायला चार माणसं लागली आणि बघायला सगळा स्टँड. आता ही बातमी मागे घेणं कोणाच्याच हातात उरलं नाही.

चोरओटी भरायला बायका जमल्या.

"काय खावंसं वाट्टे वो पोरी? चिंच? कवठ?" लालीबाईने विचारलं.

प्रभावतीने मान खाली घातली. "भाकर."

"काय?"

"जवारीची. गूळ लावून. दोन."

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. "असे डोहाळे त आमाले रोजच लागते!" लालीबाई म्हणाली.

पण बाबारावचं पथ्य? सगळ्यांनी रुखमाबाईंकडे पाहिलं. त्यांनी सुपारी कातरून संपवली आणि निकाल दिला, "पथ्य नवरा-बायकोचं. पोटातल्यानं कुठं कबूल केलतं?"

ताटात, आणि हे ताट वेगळं: दोन भाकरी, गूळ, वरण-भात, आलूची भाजी.

प्रभावती जेवली. दीड महिना जेवली. चक्कर गेली. ती दोन-दोन घागरी न बसता आणू लागली. दिवाळी झाली आणि एका सकाळी ती पडवीत जाऊन उभी राहिली. बाजूलाच आर्णीचा पाळणा होता. तिने कोळ्याचं जाळं हाताने बाजूला केलं आणि तरट खाली काढलं.

"माय वो!" रुखमाबाई मटकन खाली बसल्या. "गेलं!"

प्रभावतीने तरट अंथरलं. तिला पुसद आठवलं.

बाहेर बसण्याचा रिवाज बाजूला ठेवून रुखमाबाईंनी तिला त्याच दिवशी दवाखान्यात नेलं. बाबारावलाही लघवी दाखवायचीच होती. मथुराबाई नर्सने प्रभावतीला आत घेऊन तपासलं आणि पडदा सारला.

"गेलं काहीच नाई. पोटात नव्हतंच. काय खात होती हे?"

"नवऱ्याच्या ताटातलं," रुखमाबाई म्हणाल्या.

"त्या ताटात काय होतं?"

"मेथी."

"अन् काम?"

"दळन, पानी, दोन म्हशी. बाकी काई नाई."

मथुराबाईने हात पुसले. "आत्याबाई, बाईच्या अंगाले धान्य लागते. भाकर बंद, भात बंद, वरून जातं ओढनं. अंगाले वाटलं, दुष्काळ पडला. दुष्काळात कोनी पाव्हने बोलावते का? त्यानं दार लावून घेतलं. तुम्ही जेवू घातलं, त्यानं दार उघडलं. हे चांगलंच झालं. पोरीत काही खोट नाई."

"मंग पुसदची..." रुखमाबाई पुटपुटल्या.

"पुसदची कोन?"

"कोनी नाई," रुखमाबाई घाईने म्हणाल्या.

"अन् पथ्याआधी किती खात होती हे?" मथुराबाईने विचारलं.

"उरेल तेवढं," प्रभावती म्हणाली. तिथे ती पहिल्यांदाच बोलली.

रुखमाबाईंनी पदर सारखा केला. त्यांना अकरा वर्षांचं दही आठवलं असावं.

तेवढ्यात डॉक्टर काचेची नळी घेऊन आले. नळीतलं औषध विटेसारखं लाल होतं. "बाबाराव, तुम्ही पथ्य पाळलेलं नाही."

"पाळलं जी. मायले इचारा."

"माझ्या डोळ्यासमोर पाळलं!" रुखमाबाई म्हणाल्या.

मथुराबाईने नळीकडे पाहिलं, प्रभावतीकडे पाहिलं. "पाळलं, डॉक्टरसाहेब. पन ते हिनं."

रुखमाबाई सावकाश मुलाकडे वळल्या. "बाबाराव, मिशीले काय लागलं रे?"

"कापूस, माय. जिनिंगचा."

"कापूस पिवळा कधीपासून पिकून राह्यला?"

घरचा रिवाज मोडला नाही. तो उलटा झाला. आता आधी प्रभावती जेवे आणि तिच्या ताटावर बाबाराव बसे. भाकर, भात ती संपवून उठे, मेथी उरे. सकाळी रुखमाबाई मुलाबरोबर रामधनच्या हॉटेलापुढून जिनिंगच्या फाटकापर्यंत चालत जात. महिन्याभरात दवाखान्यातलं निळं औषध तापवूनही निळंच राहू लागलं.

पौषात तरट खुंटीवर राहिलं. माघातही. लालीबाईने कुंपणावरून मान काढली. रुखमाबाईंनी नुसतं पाहिलं आणि मान परत गेली. आर्णीला निरोप गेला नाही. पुसदचं नाव तर केव्हाच बंद झालं होतं.

एक दिवस मात्र रुखमाबाईंना राहवलं नाही. त्या चुलीजवळ येऊन बसल्या. "पोरी, या खेपेस तरी...?"

प्रभावती तिसरी भाकर मोडत होती. "आत्याबाई, या खेपेस मी जेवली नं."

रुखमाबाईंनी चौथी भाकर तव्यावर टाकली. प्रभावतीने तीही खाल्ली. भात खाल्ला, वरण खाल्लं, आणि पहिल्यांदाच मेथीही सोडली नाही.

ओसरीवर बाबाराव हात धुऊन कधीचा बसला होता. "माय, ताट आन नं वो."

रुखमाबाईंनी ताट आणून त्याच्यापुढे ठेवलं.

ताटात: मिठाचा खडा.