बालुशाहीची मोजणी

बालुशाही खायची असते, हे साऱ्या धुळ्याला माहीत आहे. आमच्या शेजारच्या नानांना मात्र ती मोजायची असे.

दर शनिवारी सकाळची शाळा सुटली, की येताना मी दोन दुकानांतून दोन-दोन बालुशाह्या आणायच्या आणि नानांच्या ओट्यावर जाऊन बसायचं. मग नाना आतून स्टीलची फूटपट्टी आणि एक काडेपेटी आणत. फूटपट्टीनं व्यास आणि जाडी. काडेपेटीतली काडी उभी धरून मधल्या खड्ड्याची खोली. व्यास दोनदा मोजायचा, एकदा उत्तर-दक्षिण आणि एकदा पूर्व-पश्चिम. "नाना, गोल वस्तूला दिशा कसल्या?" असं मी पहिल्याच शनिवारी विचारलं होतं. त्यावर ते म्हणाले, "बाई, ती गोल आहे हे आपण धरून चालतो. मोजल्याशिवाय कशालाही गोल म्हणू नये."

नाना भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होते. शिरपूर, साक्री, शिंदखेडा, जिथे म्हणून दोन भावांची बांधावरून डोकी फुटली तिथे नाना साखळी घेऊन उभे. निवृत्त होऊन देवपुरात आमच्या शेजारी राहायला आले, पण खातं काही अंगातून गेलं नाही. "आधी हद्द कायम करा" हे त्यांचं पालुपद. दूधवाला पाणी घालतो? हद्द कायम करा. पोरांचा चेंडू कुंपणाबाहेर गेला? हद्द कायम करा. आमच्या घरात मी आणि आमचे हे जरा चढ्या आवाजात बोलायला लागलो, की भिंतीपलीकडून खाकरण्याचा आवाज येई आणि मागोमाग, "हद्द, बाई, हद्द!" असा इशारा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी सुरतेला. बोलायला माणूस लागायचं, ते आम्ही सापडलो होतो.

आता बालुशाहीच का? तर नाना हलवायाच्या घरातले. त्यांना स्वतःला साखरेचा आजार, गोडाचा कणही चालत नसे. म्हणून मोजणार ते आणि खाणार मी. नुसतं "छान आहे" म्हटलेलं चालायचं नाही. आधी दात लागल्यावर आवाज कसा आला ते सांगायचं, मग पदर किती सुटले, मग पाक आतपर्यंत पोचला की सालीशीच थांबला. नाना डोळे मिटून ऐकत आणि मधेच घोट गिळत. ह्या सरकारी कामापायी माझे ब्लाउज दोन वेळा उसवावे लागले, त्याची नोंद कुठल्या दप्तरी झाली नाही.

दोन दुकानांतलं एक म्हणजे ब्रँच. नव्वदच्या आसपास आग्रा रोडवर इंदूरकडची एक मोठी मिठाईवाली मंडळी आली. नाव चांगलं लांबलचक होतं, पण पाटीवर खाली पाच गावांची यादी आणि शेवटी 'धुळे' असं लिहिलेलं, म्हणून सगळं गाव त्याला ब्रँच म्हणायला लागलं. काय तो थाट! काचेची कपाटं, दिवसाढवळ्या ट्यूबलाइट, पोरांच्या डोक्याला कागदी टोप्या आणि हातात चिमटे. मिठाई पुठ्ठ्याच्या डब्यात, वर सोनेरी दोरा. धुळेकर मिठाईपेक्षा डब्यावर भाळले. आमच्या शाळेतल्या निम्म्या शिक्षिकांच्या घरी सुईदोरा त्याच डब्यात असायचा.

दुसरं दुकान गल्ली नंबर चारमधलं. पाटी नाही, काच नाही. पुढे लाकडी फळ्या, मागे भट्टी, आणि भट्टीपुढे बनियन घातलेले वसंतराव. बालुशाही वर्तमानपत्रात बांधून देणार आणि "अजून काय?" एवढंही विचारणार नाहीत. हे वसंतराव म्हणजे नानांचे सख्खे धाकटे भाऊ. दोघांचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं.

त्याची हकीकत अख्ख्या गल्लीला पाठ होती. वडील गेल्यावर दुकानाची वाटणी करायची ठरली. घरात मोजणीदार असताना बाहेरचा कशाला, म्हणून नानांनी स्वतःच टेप धरला. मापात तसूभर खोट नाही. फक्त रेघ गेली ती भट्टीवरून, आणि भट्टीचा अर्धा फूट नानांच्या वाट्यात आला. वसंतराव म्हणाले, एवढं सोडून दे, माझा धंदाच त्यावर आहे. नाना म्हणाले, वापर तू, मला काय करायचीय भट्टी, पण नकाशात आहे ते आहे. वसंतरावांनी त्याच आठवड्यात वडलांच्या हातची भट्टी फोडली आणि अर्धा फूट सरकवून नवी बांधली. तेव्हापासून नानांनी त्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. त्यांच्या वाट्याची खोली कुलूपबंद पडून राहिली. मी नानांची शेजारीण आणि शनिवारच्या दोन बालुशाह्या कुठे जातात हे वसंतरावांना पक्कं ठाऊक होतं, पण त्यांनीही कधी विचारलं नाही.

तर नानांच्या मोजणीत नेहमी ब्रँच पहिली यायची. "बघा, चारही बाजूंनी सारखी. खड्डा बरोबर मध्यावर. ह्याला म्हणतात काम." आणि वसंतरावांची? "कडा वाकडी. खड्डा एका कडेला सरकलेला. लहानपणापासून कामात सरळपणा नाही." मी म्हणायची, अहो, पण चवीला हीच सरस आहे, ब्रँचची नुसती गोड लागते. "चव हा पुरावा होत नाही," नाना म्हणत. पण मी काही दुधखुळी नव्हते. ब्रँचच्या बालुशाहीला मिनिटभर लागायचं आणि वसंतरावांच्या वाकड्या बालुशाहीशी नाना अर्धा तास बसून असायचे. मधूनच सहज विचारल्यासारखं विचारायचे, दुकानात गर्दी होती का? ब्रँचनं गिऱ्हाईक ओढलं म्हणतात, खरं का? आणि गर्दी नव्हती म्हटलं, की तो दिवस त्यांचा चेहरा पडलेला. भावाचं दुकान बसेल ह्या धास्तीनं हा माणूस आतून पोखरला जात होता आणि वरून ब्रँचला शाबासकी देत होता. माणसानं किती आडमुठं असावं!

मग एका शनिवारी वसंतरावांच्या जागी त्यांची बायको सुशीलाबाई दिसल्या. घाईघाईनं पुडी हातात दिली आणि आत वळल्या. माझ्याही मनात काही आलं नाही. नानांनी पुडी सोडली, काडी उभी केली, आणि हात तसाच राहिला.

"खड्डा मध्यावर आहे," ते म्हणाले.

मी म्हटलं, चला, अखेर सुधारले तुमचे बंधू, पास करून टाका. नाना हसले नाहीत. त्या दिवशी ब्रँचचा डबा उघडलाच नाही. मला खायलाही सांगितलं नाही.

पुढचा आठवडा त्यांनी माझा पिच्छा पुरवला. शाळेतून येताना चार नंबरवरून आलात का, फळ्या उघड्या होत्या का, भट्टीचा धूर होता का. मी म्हटलं, एवढं आहे तर जाऊन बघा ना. "आमचं बोलणं नाही," एवढं म्हणून आत गेले. रात्री त्यांच्या खोलीतला दिवा उशिरापर्यंत जळत असायचा, असं आमचे हे म्हणाले.

दुसऱ्या शनिवारी मी पुडी आणली तेव्हा नाना फाटकातच उभे होते. तिथेच सोडली. दोन बालुशाह्या, दोन्हींचे खड्डे अगदी मध्यावर. नानांनी मोजल्याही नाहीत.

"हा वसंताचा अंगठा नाही, बाई."

मग फाटकात उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं. बालुशाहीचा खड्डा अंगठ्यानं दाबतात. वसंतरावांचा उजवा अंगठा लहानपणी दुकानाच्या फळीत सापडून वाकडा झाला, तो तसाच राहिला. फळी लावत होते नाना. तेव्हापासून वसंतरावांच्या हातची प्रत्येक बालुशाही एका कडेला दबते. दर शनिवारी नाना तेवढंच बघत होते. खड्डा वाकडा आहे, नीट खोल आहे, म्हणजे वसंता भट्टीवर बसलाय आणि त्याच्या हातात जोर आहे.

"म्हणजे ब्रँचची मोजणी..."

"ती आपली अशीच. नुसतं त्याचंच आणा म्हणायचं कसं?"

मला रडू यायला हवं होतं, पण आला तो संताप. मी म्हटलं, नाना, जिल्हाभर लोकांच्या भावाभावांत तुम्ही उन्हातान्हात उभे राहिलात, आणि स्वतःचा भाऊ जिवंत आहे की नाही हे तुम्हाला माझ्या पुडीतून कळायला पाहिजे? आठ दिवस झाले, आठ! त्याचं काही बरंवाईट झालं, तर त्या फूटपट्टीनं काय मोजणार आहात? वडीलधाऱ्या माणसाला असं बोलू नये, मला कळतं. पण बोलले. नाना मान खाली घालून ऐकत राहिले. मग म्हणाले, "टोपी घेऊन येतो."

माझ्या लुनावर मागे बसून निघाले. पिशवी नाही, फूटपट्टी नाही. पांझरेच्या पुलापर्यंत "हळू, बाई, हळू" चाललं होतं. पूल ओलांडल्यावर म्हणाले, "जरा जोरात घेता येते का?"

दुकानात सुशीलाबाई पीठ मळत होत्या. नानांना बघून त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि नुसतं आपल्या मागे बोट दाखवलं. भट्टीशेजारी खाटेवर वसंतराव पडलेले. उजवा हात, उजवा पाय निकामी, तोंड जरासं वाकडं. बारा दिवसांपूर्वी सकाळी भट्टी पेटवताना कोसळले होते, चार दिवस दवाखान्यात काढून घरी आणलेलं. जागे होते. भावाकडे टक लावून बघत होते.

मला वाटलं, आता नाना काहीतरी बोलतील. त्यांनी टोपी काढून खुंटीला अडकवली, बाह्या सारल्या, घागरीतलं पाणी घेऊन हात धुतले आणि परातीपाशी जाऊन बसले. सुशीलाबाई बाजूला झाल्या. खात्यात जायच्या आधी ह्याच जागी वडलांच्या हाताखाली मळलेलं असणार, पण त्याला चाळीस वर्षं झाली होती. नाना मळत होते आणि वसंतराव बघत होते.

मग खाटेवरून जड जिभेनं शब्द आले, "मोहन कमी पडनं, भाऊ."

अकरा वर्षांनंतरचं पहिलं बोलणं हे. नानांनी मुकाट्यानं तुपाचं भांडं ओढून पिठात आणखी तूप घातलं आणि पुन्हा मळायला लागले. हातावर टपटप पाणी पडत होतं, ते पुसायलाही हात मोकळा नव्हता.

"माले काब्र नही कळावं रे?" नाना म्हणाले. नानांच्या तोंडून अहिराणी मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. मला का नाही कळवलंस, एवढंच विचारत होते, पण आवाज पार कोवळा झाला होता.

वसंतराव एकेक शब्द जुळवत बोलले. "ही सांगे, भाऊकडे मानूस धाडू. मी सांगं, मानूस नको. बालुशाही धाड. भाऊले समजी जाई." दम खाऊन पुढे म्हणाले, "दोन शनवार निरोप धाडा."

मी सुशीलाबाईंकडे बघितलं. त्या भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होत्या. दोन्ही शनिवारी माझ्या हातात पुडी नव्हती तर, तार होती, आणि मी मूर्ख ती पिशवीत टाकून भाजी घेत हिंडत आले होते.

नाना परातीवर वाकले होते. "समजनं व्हतं रे," ते म्हणाले. "पहिलाच शनवारले समजनं व्हतं. पायच नही उचलना."

वसंतरावांनी डावा हात कसाबसा खाटेवरून खाली सोडला. तो नानांच्या खांद्यापर्यंत पोचला नाही, पाठीला लागला. तिथेच त्यांनी तो ठेवला.

"आते उना ना," ते म्हणाले. आता आलास ना, एवढंच. "बस."